नक्षी शाबूत, पण टायर म्हातारा!

मैत्रिणींनो, कुकरची रिंग कडक झाली, तिला बारीक चिरा पडल्या की आपण ती बदलतो. "अजून जाड दिसतेय, चालेल" असं कुणी म्हणत नाही, कारण आत काय कोंडलेलं आहे ते आपल्याला ठाऊक असतं. मग अख्खं घर ज्या चार रबरांवर बसून जेजुरीला, लग्नाला, पुण्याच्या दवाखान्यात जातं, त्यांच्याकडे आपण का बरं बघत नाही? ते ह्यांचं खातं म्हणून सोडून देतो. आणि हे बघतात काय, तर नक्षी. "भरपूर नक्षी आहे अजून," की झालं!

आमच्या शेजारच्या काकूंकडे अशीच एक छोटी चारचाकी आहे. मुलगा परदेशात, काकांना लांब चालवणं होत नाही. गाडी वर्षानुवर्षं कडुनिंबाखाली उभी. फार तर करंजेला सोमेश्वराच्या दर्शनाला, नाहीतर बारामतीला. मुलाला आणायला पुण्याच्या विमानतळावर जायचं ठरलं, तेव्हा काकूंनी टायरवरच्या भेगा दाखवल्या. काका म्हणाले, "अगं, गाडी पळालीच नाहीये! टायर नवे आहेत."

इथेच आपली गफलत होते. नक्षी सांगते ती टायर किती पळाला ते. किती वर्षांचा झाला ते नाही. रबर ऊन, उष्णता आणि हवेतल्या ओझोन वायूने वाळत जातं, मग गाडी पळो वा न पळो. उलट उभ्या गाडीचं जास्त बिघडतं. टायर बनवतानाच त्यात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. चाक फिरतं, रबर दबतं-ताणतं, तसे ते हळूहळू वर येतात आणि कातडीला तेल लावावं तसा पातळ थर धरून रबराला जपतात. गाडी हललीच नाही तर हा थर नीट धरत नाही, आणि कोरड्या टाचेसारख्या भेगा पडतात.

काकांचं दुसरं म्हणणं तर आमच्या सोमेश्वरनगरात घरोघर ऐकू येईल. दिवाळीच्या सुमाराला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्याने उसाच्या टायरगाड्यांची रांग लागते. ट्रकचे उतरलेले, भेगाळलेले टायर त्या गाड्यांना असतात आणि उसाचं एवढं ओझं ओढतात. "ते चालतात, मग आपले का नाही?" चालतात, कारण बैल चालतो माणसाच्या चालीने. टायर फुटतो तो बहुतेकदा तापून. वेग, ओझं आणि कमी हवा ही तिन्ही एकत्र आली की टायरची बाजू सारखी दुमडते, आत उष्णता साठते आणि वाळलेलं रबर आतल्या थरांपासून सुटायला लागतं. बारामतीपर्यंत रमतगमत नेणारा टायर मे महिन्याच्या दुपारी, पाच माणसं आणि डिकीत बॅगा घेऊन, ताशी नव्वदच्या वेगाने तसाच साथ देईल असं धरून चालू नका.

आता वय कसं ओळखायचं? अगदी सोपं आहे. टायरच्या बाजूवर डीओटी या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरच्या अंगाला सापडले नाहीत तर आतल्या अंगाला बघा, कधीकधी एकाच बाजूला असतात. शेवटी तीनच आकडे असले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्याच्याशी वादच नको. बऱ्याच मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि दहा वर्षांपुढे तर दिसायला कितीही चांगला असला तरी ठेवू नये. स्टेपनीचेही आकडे वाचा. ती न वापरताच म्हातारी होते.

भेगा मात्र सगळ्या सारख्या नसतात. बाजूवर केसासारख्या, वरवरच्या रेघा असतील आणि टायर चार-पाच वर्षांच्या आतला असेल, तर घाबरू नका. जाणकाराला दाखवा, हवा बरोबर ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बघा. पण भेगेत नख शिरत असेल, भेग नक्षीच्या खोबणीच्या तळाशी किंवा रिंगेलगत गोल फिरली असेल, आतलं सूत किंवा तार दिसत असेल, नाहीतर कुठे टेंगूळ आलं असेल, तर तो टायर उतरवायचाच. "आतून पॅच मारून देतो" याला भुलू नका. पॅच भोकाला असतो, म्हातारपणाला नाही. जुना टायर विकत घेताना तर फारच जपा. काळं पॉलिश चोपडलं की भेगा दिसेनाशा होतात. ओल्या फडक्याने पुसून, बाजू दाबून बघावी.

नक्षीचंही सांगते. आपल्या नियमांप्रमाणे चारचाकीला ती किमान १.६ मिलिमीटर हवी. खोबणीत आडव्या बारीक उंच पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

पण नक्षीवर विसंबल्याने काय होतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून तरुण मुलांना परत आणणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला. चालकासह तिघे गेले. त्यांतला एक मुलगा अठरा वर्षांचा होता आणि टायर एकोणीस वर्षांहून जुना! तेव्हा तिथे टायरच्या वयाला कायद्यात अटच नव्हती. त्या मुलाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी झाली. आपल्याकडेही समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने २०२३ मध्ये गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली.

काकूंच्या गाडीवरचे आकडे निघाले नऊ वर्षांपूर्वीचे. चार टायरांचे पैसे ऐकून काका दोन दिवस गप्प होते. मग काकूंनी भिशीचे काढून दिले आणि विमानतळाची खेप नव्या टायरवर झाली. भांडण झालंच थोडं, पण ते घरच्या घरात.

गाडी उभीच राहत असेल तर आठवड्यातून एकदा थोडी फिरवा, सावलीत लावा. हवा सकाळी, टायर गार असताना तपासून घ्या. किती हवी ते बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायर चकचकीत दिसावा म्हणून डिझेलचा बोळा कधीही फिरवू नका, त्याने रबर आणखी बिघडतं. साबणाचं पाणी पुरे. तुमच्या स्कूटीलाही हेच सगळं लागू आहे बरं का!

उतरवलेल्या टायरचा मुलांना झोका करा, नाहीतर वैरणीवरच्या ताडपत्रीवर वजनाला ठेवा. मात्र त्याला खालून दोन-चार भोकं पाडायला विसरू नका, नाहीतर पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास तिथेच बिऱ्हाड करतात. आणि पाणी तापवायला चुलीत टायर घालू नका, तो धूर फार वाईट.