केळे, माठ आणि बालविज्ञान

विज्ञान म्हटले की आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या, पांढरा झगा आणि कुलूपबंद कपाट येते. आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत हे कपाट बहुधा नसते. असले तरी त्याची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच तास संपतो. यावरून विज्ञान हा माध्यमिक शाळेचा विषय आहे आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना तो झेपणार नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत चुकीची आहे असे आमचे मत आहे. ते केवळ मत म्हणून न मांडता, सावद्यात कोणासही करून पाहता येतील अशा दोन प्रयोगांच्या आधारे आम्ही ते येथे मांडणार आहोत.

पहिला प्रयोग आपल्या घरच्या पिकाचा. एक हिरवे कच्चे केळे, एक अर्धवट पिकलेले आणि एक पूर्ण पिकलेले अशी तीन केळी घ्यावीत. प्रत्येकाची चकती कापून बशीत ठेवावी आणि औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून तिच्यावर एकेक थेंब टाकावा. कच्च्या केळ्याची चकती बघता बघता काळीनिळी होते. पिकलेल्या केळ्यावर तो थेंब तांबूस-पिवळाच राहतो, किंवा काळेपणाची पुसटशी छटा तेवढी दिसते. याचे कारण असे की, कच्च्या केळ्याच्या गरात शेकडा वीसच्या आसपास स्टार्च, म्हणजे पिठूळ पदार्थ असतो. केळे पिकताना त्याची साखर होते आणि शेवटी स्टार्च शेकडा एकदोनच उरतो. आयोडीन स्टार्चला भेटले की निळे-काळे होते; साखरेशी त्याचे काही देणेघेणे नाही.

परंतु हे कारण मुलांना आधी सांगू नये. थेंब टाकण्यापूर्वी विचारावे, 'कोणते केळे जास्त काळे होईल?' पुष्कळ मुले पिकलेल्याकडे बोट दाखवतील. ते गोड, मग ताकदही त्यातच असणार, असा त्यांचा हिशेब. प्रत्येक मताची नोंद फळ्यावर करावी आणि मग थेंब मुलांच्याच हातून टाकवून घ्यावा. मत चुकलेल्या मुलास कोणी रागावत नाही. केळेच त्याला उत्तर देते. त्यानंतर मुले आपण होऊन विचारू लागतात की पिठावर टाकले तर काय होईल, भातावर, मिठावर, साखरेवर? हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की त्या दिवसाचा पाठ साधला असे समजावे. एक पथ्य मात्र पाळावे. आयोडीन लावलेले काहीही तोंडात घालू देऊ नये, आणि बाटली मोठ्यांच्याच हाती असावी.

याच प्रयोगास एक जोड देता येते. सारखीच कच्ची अशी केळी दोन कागदी पिशव्यांत ठेवावीत आणि एका पिशवीत सोबत एक पिकलेले केळे टाकावे. काही दिवसांनी त्या पिशवीतली केळी आधी पिकलेली आढळतात. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो शेजारच्या केळ्यांनाही पिकण्यास लावतो. केळीच्या वखारीत वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आली, त्यामागचे कारण मुलाला अशा रीतीने पिशवीत सापडते. आपले ज्ञान आणि शाळेचे ज्ञान ही दोन वेगळी गावे नाहीत, हे मुलाला कळणे आम्हांस फार मोलाचे वाटते.

दुसरा प्रयोग माठाचा. सारख्या आकाराच्या दोन डब्यांत सारखेच पाणी भरावे. एकाभोवती ओले फडके गुंडाळावे, दुसरा तसाच ठेवावा, आणि दोन्ही सावलीत वारा लागेल अशा जागी तासभर राहू द्यावेत. मग मुलांनी दोहोंत बोटे बुडवून पाहावीत. फडक्यातले पाणी वाफ होऊन उडून जाताना डब्याची ऊब घेऊन जाते, म्हणून त्या डब्यातले पाणी गार लागते. खानदेशातील वैशाखाच्या कोरड्या हवेत हा फरक ठळकपणे जाणवतो. हाच प्रयोग श्रावणात पुन्हा करावा. हवा दमट असल्याने फडके लवकर वाळत नाही आणि फरक बराच कमी होतो. 'गुरुजी, आज का नाही झाले?' असे मुलाने विचारले तर गुरुजींनी ओशाळू नये. वर्षभरातील सर्वांत चांगला प्रश्न त्यांना त्या दिवशी मिळाला आहे.

येथे एका धोक्याचा निर्देश केला पाहिजे. बाहेरून पाहुणे येतात, भरभर दहा-बारा प्रयोग करून दाखवतात, मुले टाळ्या वाजवतात आणि 'जादू, जादू' म्हणत घरी जातात. जादूगार आपली युक्ती लपवतो. प्रयोग करणाऱ्याने ती मुलाच्या हाती द्यावयाची असते. मुलाने घरी जाऊन आईपुढे तेच पुन्हा करून दाखवले, तरच तो प्रयोग त्याचा झाला. उद्या कोणी भोंदू हातचलाखी करून चमत्कार म्हणून मिरवू लागला, तर 'पुन्हा करून दाखवा, मला जवळून पाहू द्या,' असे म्हणण्याची सवय याच वयात लागते.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. आपल्या सावद्यावरून खंडवा-इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या पलीकडे, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तेथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी खेळणी घडवली. पुढे पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे हेच काम केले.

आणि आपल्या अगदी शेजारी, खिरोद्यास, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० नंतरच्या दशकात ग्रामीण शाळांतील विज्ञान सुधारण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. पुस्तकाची अवघड भाषा हाच मुलांच्या वाटेतील मोठा अडसर आहे, हे त्या केंद्राच्या कामातून पुढे आले. आमच्या भागात तर हे विशेष लागू पडते. एकाच वर्गात लेवा गणबोली बोलणारे, तडवी घरातले आणि घरी उर्दू बोलणारे मूल शेजारी शेजारी बसते. 'बाष्पीभवन' हा शब्द तिघांनाही परकाच असतो. गार पाण्यात बुडालेले बोट मात्र तिघांचेही सारखेच असते. शब्द मागाहून यावा; बोटाला कळलेल्या गोष्टीचे नाव म्हणून तो आला की विसरत नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती प्रौढांनी ऐकून शहाणे व्हावे म्हणून. आपण मोठी माणसे तास-दीड तास बसून ऐकू शकतो. सात वर्षांचे मूल तसे बसू शकत नाही आणि त्याने बसूही नये. तेव्हा आमची सूचना एवढीच की, दरवर्षी या व्याख्यानमालेतील एक सकाळ बालकांची असावी. त्या सकाळी व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. चार-चार मुलांच्या टोळीपुढे एक बशी, तीन केळी आणि आयोडीनची पातळ केलेली एक कुपी असावी. गावातल्या केळी-बागाईतदारांना केळी जड नाहीत, औषध दुकानदारांना एक बाटली जड नाही, आणि निवृत्त शिक्षकांना एक सकाळ जड नाही. खर्च शेदोनशे रुपयांच्या आत बसेल. मात्र ती सकाळ झाली नाही तर होणारे नुकसान कोणत्याही जमाखर्चात दिसणार नाही. एका मुलाला विचारायचा असलेला प्रश्न त्याच्या मनातच राहील, आणि थोड्याच वर्षांत ते विचारण्याचे विसरून जाईल.