सोनिकने घर का बदलले?

टीव्हीच्या पडद्यावर मारिओ पळतो, सोनिक पळतो. पण पडद्यामागेही एक शर्यत चालते. ती कंपन्यांची!

निन्टेन्डो ही जपानच्या क्योतो शहरातली कंपनी. १८८९ मध्ये सुरू झाली तेव्हा चक्क खेळायचे पत्ते बनवायची! १५ जुलै १९८३ रोजी तिने टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र आणले. गंमत म्हणजे, त्याच दिवशी सेगा कंपनीचेही यंत्र आले. पहिली फेरी निन्टेन्डोने जिंकली. मग सेगाने डोके चालवले. १९९१ मध्ये अमेरिकेत आपल्या नव्या यंत्राची किंमत उतरवली, वर सोनिकचा खेळ सोबत दिला. धडाधड विक्री झाली.

१९९४ मध्ये तिसरा गडी उतरला, सोनी. मे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनात सेगाने किंमत सांगितली ३९९ डॉलर. सोनीचा माणूस मंचावर आला, “२९९” म्हणाला आणि खाली उतरला. झाले! शिवाय सोनीचे खेळ स्वस्त सीडीवर, निन्टेन्डोचे महागड्या कॅसेटवर. सोनीची दहा कोटींवर यंत्रे खपली, ‘निन्टेन्डो ६४’ सुमारे सव्वातीन कोटी, ‘सेगा सॅटर्न’ एक कोटीही नाही. २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणेच सोडले. तिचा सोनिक आता निन्टेन्डोच्या यंत्रावरही पळू लागला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशी यंत्रे मिळायची. कॅसेटवर आकडा हजारो खेळांचा. लावून पाहावे तर मोजकेच खेळ फिरून फिरून यायचे!

यातली मेख कळली का? कंपनी बरेचदा यंत्र स्वस्तात देते आणि खेळ विकून कमावते.  आजचे मोबाईलवरचे ‘फुकट’ खेळही पुढे नाण्यांचे पैसे मागतातच.

पालकहो, कापसाचे पैसे हाती आले की घरोघरी मुलांच्या मागण्या सुरू होतात. नुसते “नाही” म्हणू नका. मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि वर्षाचा पूर्ण खर्च त्यांनाच मांडू द्या. हिशेब समजला की हट्ट आपोआप कमी होतो.

चला तर, एक गणित. समजा, पहिले यंत्र ४,००० रुपयांचे, त्याचा प्रत्येक खेळ ५०० चा. दुसरे ६,००० चे, खेळ २०० चा. कितव्या खेळाला महागडे यंत्र स्वस्त पडेल? सोडवा आणि आईबाबांना दाखवा!