ऑफिसचा ईमेल क्लाउडवर नेताय? आधी हे समजून घ्या

नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा ईमेल मी मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेला. महिना उलटला आणि २० तारखेला, जीएसटी रिटर्न भरायच्या दिवशी, अकाउंट्समधल्या ताईंचा फोन आला, "मोबाइलवरचा मेल गेला हो!" चूक माझीच होती. ती समजण्यासाठी आधी ही जोडणी कशी चालते ते पाहू.

डिरेक्टरी म्हणजे काय?
ऑफिसच्या सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव, लॉगिन आणि पासवर्डची नोंद असते. विंडोज सर्व्हरवर तिला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. क्लाउड ईमेल घेतला की तिथेही अशीच यादी लागते. दोन याद्या हाताने सांभाळल्या तर पासवर्डही दोन होतात. म्हणून एन्ट्रा कनेक्ट नावाचा प्रोग्राम ऑफिसातली यादी क्लाउडवर उतरवतो. पासवर्ड जसाच्या तसा जात नाही. त्यापासून गणिताने बनवलेला हॅश जातो, आणि त्यावरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही.

कामाचा क्रम
१. कंपनीचं डोमेन आपलंच आहे हे डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून सिद्ध करा.
२. जुन्या सर्व्हरवर लॉगिनच्या शेवटी बऱ्याचदा 'डॉट लोकल' असतं. इंटरनेटवर ते चालत नाही. ते बदलून खरं डोमेन लावा, नाहीतर सगळ्यांना 'ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम'चं लॉगिन मिळेल.
३. एन्ट्रा कनेक्ट बसवा आणि डिरेक्टरीतले कोणते फोल्डर क्लाउडवर जाणार ते निवडा. या फोल्डरना ओयू म्हणतात.
४. लायसन्स द्या, म्हणजे मेलबॉक्स तयार होतील. जुने मेल आयमॅपने आणता येतात, पण त्यात कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर येत नाहीत. ते वेगळे आणावे लागतात.
५. सगळं तपासून झालं की मगच एमएक्स रेकॉर्ड बदला. नवीन मेल कुठे पोचवायचा हे तोच सांगतो. सोबत एसपीएफ रेकॉर्डही बदला, नाहीतर तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातील.

माझं कुठे चुकलं?
यादी नीटनेटकी करायची म्हणून मी ताईंचं खातं नवीन ओयूमध्ये हलवलं. तो ओयू तिसऱ्या पायरीत निवडलेलाच नव्हता. सिंक साधारण दर ३० मिनिटांनी होतो. पुढच्या सिंकमध्ये एन्ट्रा कनेक्टला वाटलं, ही व्यक्ती यादीत नाही, आणि त्याने क्लाउडवरचं खातं काढून टाकलं. सीएचे मेल त्याच खात्यावर येत होते!

नशीब, असं खातं ३० दिवस परत आणता येतं. मी ते जुन्या ओयूमध्ये ठेवलं, सिंक हाताने चालवला आणि थोड्या वेळाने मेलबॉक्स जुन्या मेलसकट परत आला. महिना उलटून गेला असता तर काम अवघड होतं.

लक्षात काय ठेवायचं?
मूळ यादी ऑफिसात असते, क्लाउडवर तिची नक्कल असते. मूळ यादीला हात लावला की नक्कल बदलतेच. म्हणून कुणी नोकरी सोडली तरी खातं लगेच डिलीट करू नका. आधी बंद करा आणि मेल कुणाला लागणार ते विचारा.

आणि तुमच्या मोबाइलवरचा ऑफिसचा मेल अचानक बंद पडला, तर फोन रिसेट करत बसू नका. आयटीवाल्याला एवढंच विचारा, "डिरेक्टरीत माझं खातं हलवलंय का?"