थंडीच्या आधीची गंमत

दोस्तांनो, सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला, की आपण म्हणतो, "हुश्श! सुटलो!" आणि लगेच दिवाळीचे बेत सुरू. पण पाऊस गेलाय आणि थंडी अजून यायचीय, असे हे मधले दिवस मात्र आपल्या हातून नकळत निसटून जातात.

मोठी माणसं तर या दिवसांना नावंच ठेवतात. "काय हा ऑक्टोबरचा उकाडा!" खरंच आहे ते. ढग नाहीत, ऊन थेट अंगावर आणि जमिनीत पावसाची ओल अजून शिल्लक. मग दुपारी घामाच्या धारा लागणारच. पण हाच शरद ऋतू तुम्ही पहाटे आणि रात्री बघा. वेगळाच वाटेल!

सकाळी लवकर उठून गवतात अनवाणी चाला. पाय ओले होतील. पाऊस तर पडला नाही, मग हे पाणी आलं कुठून? त्याचं असं आहे, ढग म्हणजे जमिनीची गोधडी. गोधडी निघाली, की रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते. गवताची पाती गार पडतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते. हेच दव. कुंपणावरचं कोळ्याचं जाळं अशा वेळी मोत्यांच्या माळेसारखं दिसतं. ऊन चढलं, की खेळ खलास!

जवळपास पारिजातक असेल, तर त्याच्याखाली सडा पडलेला असेल. ही फुलं संध्याकाळनंतर उमलतात. रात्री उडणाऱ्या पतंगांना अंधारातही सापडावीत म्हणून ती पांढरी आणि सुगंधी. त्यांच्या केशरी देठांपासून पूर्वी कापड रंगवत.

नदीकाठी किंवा मैदानात शेपटी सारखी वरखाली हलवत तुरुतुरु पळणारा पक्षी दिसला का? तो धोबी. थंडीसाठी हिमालयातून आणि त्याही पलीकडून आपल्याकडे येणारा पाहुणा! घरी सीताफळं आली असतील, तर ती खाता खाता त्याची वाट बघा.

२२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात. तिथून दिवस लहान होत जातो, तो थेट २२ डिसेंबरच्या सुमारापर्यंत. मग खेळ लवकर आटपावा लागतो. पण हिरमुसू नका. नोव्हेंबरच्या मध्यावर अंधार पडला, की पूर्वेकडे कृत्तिकांचा इवलासा पुंजका शोधा. याच नक्षत्रावरून कार्तिक महिन्याचं नाव पडलं. बहुतेकांना सहा तारे दिसतात. तुम्हांला किती दिसतात?

एक मात्र लक्षात ठेवा. गार रात्री जमिनीजवळची थंड, जड हवा वर जात नाही. म्हणून फटाक्यांचा धूर तिथंच कोंडून राहतो. मग कृत्तिकाही दिसत नाहीत आणि पारिजातकाचा वासही येत नाही. आजी-आजोबांना खोकला होतो तो वेगळाच. तेव्हा यंदा फटाके कमी आणि गच्चीवर सतरंजी टाकून आकाश जास्त, असं ठरवायचं का? आई-बाबांनाही बोलवा. त्यांनी शेवटचं दव कधी पाहिलं, तेही विचारा!