दर्शनाच्या रांगेचे गणित

उत्सवाच्या दिवशी दर्शनाची रांग महाद्वाराबाहेर गेली की स्वयंसेवक वाढवावेत, अशी सूचना अनेक भाविक आम्हांस करतात. त्यामागील तळमळ आम्ही जाणतो. तथापि रांग नेमकी कोठे अडते हे पाहिल्यावाचून माणसे वाढविण्याचा उपयोग होत नाही, आणि याचे एक शास्त्रच आहे.

कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील गणितज्ञ एरलँग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. रांगांचा गणिती अभ्यास तेथून सुरू झाला.

समजा, गाभाऱ्यापुढे एका भाविकास सरासरी ६ सेकंद लागतात, म्हणजे मिनिटास १० जणांचे दर्शन होते. भाविक मात्र ठरावीक अंतराने येत नाहीत. कोणी क्षणभर हात जोडतो, कोणी डोळे मिटून उभा राहतो. या अनियमिततेमुळे मिनिटास ८ जण येत असता प्रत्येकास सरासरी २४ सेकंद थांबावे लागते. ९ जण येऊ लागताच ५४ सेकंद. साडेनऊची सरासरी झाली की जवळजवळ २ मिनिटे. आणि १२ जण येऊ लागले, तर दर मिनिटास दोघे मागे राहतात. तीन तासांत ३६० जण साचतात व शेवटच्या भाविकास ३६ मिनिटे थांबावे लागते.

अशा वेळी पादत्राणांच्या जागी दहा स्वयंसेवक वाढविले तरी मंडळी गाभाऱ्यापुढे लवकर पोचतात आणि तेथे उभी राहतात, इतकेच. उलट हार-नारळ सभामंडपातच स्वीकारले आणि तीर्थ बाहेर पडण्याच्या वाटेवर दिले, त्यामुळे ६ चे ५ सेकंद झाले, तर मिनिटास १२ जणांचे दर्शन होते व रांग साचणे जवळजवळ थांबते. एका सेकंदाचा हा प्रभाव!

रांगेतील सरासरी माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ, हा नियम अमेरिकेचे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. त्याच हिशेबाने रांगेच्या टोकाशी उभा असलेला स्वयंसेवक पुढील माणसे मोजून त्यांस दहाने भागील, तर किती मिनिटे लागतील हे तो आजीआजोबांना सांगू शकेल.

वृद्ध, दिव्यांग आणि तान्ह्या बाळांच्या माता यांच्या वेगळ्या रांगेने एकूण काळ कमी होत नाही. तो इतरांवर वाटला जातो. एक आजी पुढे गेल्या की मागील प्रत्येकाचे ६ सेकंद जातात. तरीही ही रांग असावी, असेच आमचे मत आहे. कोणी थांबावे हे गणित ठरवीत नाही, ते विश्वस्तांनी ठरवावयाचे असते. परंतु ओळखीच्या मंडळींना बाजूच्या दाराने आत सोडण्यासही हाच हिशेब लागू पडतो: अशी २० माणसे गेली की उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येकाची २ मिनिटे गेली. त्यासाठी विश्वस्तांना कृपया गळ घालू नये.

एरवीच्या दिवशी दोन बसगाड्यांतील १०० जण एकदम आले तर शेवटच्यास १० मिनिटे लागतात. अर्ध्या तासाच्या अंतराने आले तर ५. म्हणून भजनी मंडळांनी व यात्रेकरूंच्या गटांनी आपली येण्याची वेळ कार्यालयास आगाऊ कळवावी, ही विनंती.