ध्वनिप्रवर्धकाचा वापर आणि संरक्षण

ध्वनिप्रवर्धक हे क्षीण विद्युत् संकेताची शक्ती वाढवून तो ध्वनिक्षेपक चालविण्याइतका समर्थ करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण होय. व्यवहारात त्यास अ‍ॅम्प्लिफायर असे म्हणतात. मंडप-सजावटीच्या धंद्यातील माणसे त्याला नुसते ‘मशीन’ही म्हणतात. माइकमधून निघणारा विद्युत् दाब व्होल्टच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. याउलट ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला १०० वॉट शक्ती द्यावयाची तर सुमारे २८ व्होल्ट दाब आणि साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. ही वाढीव शक्ती वक्त्याच्या कंठातून येत नाही, ती विजेच्या पुरवठ्यातून घेतली जाते. माइकचा संकेत केवळ तिचे नियंत्रण करतो. घेतलेल्या शक्तीपैकी जी ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचत नाही तिची उष्णता होते. प्रवर्धक बिघडण्याच्या बहुतेक कारणांचे मूळ या उष्णतेत आहे.

भार आणि संरोध

प्रवर्धकाला जोडलेल्या ध्वनिक्षेपकांचा एकत्रित संरोध हा त्याच्यावरील भार ठरवितो. संरोध जितका कमी, तितका भार अधिक; नवशिक्यांची गफलत नेमकी येथेच होते. ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडले की संरोध ४ ओहम होतो आणि चार जोडले की २ ओहम. वरील २८ व्होल्ट दाबाला ४ ओहमच्या भारातून ७ अँपिअर, तर २ ओहमच्या भारातून १४ अँपिअर प्रवाह वाहू पाहतो. किमान ४ ओहमसाठी बनविलेल्या यंत्रातील ट्रान्झिस्टर असा प्रवाह फार काळ सोसू शकत नाहीत. ‘अजून एक कर्णा लावू, काय होते’ या विचाराची किंमत अशी मोजावी लागते.

शाळेचे पटांगण, मंदिराचा परिसर अशा ठिकाणी तारा लांबवर न्याव्या लागतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने ५० मीटर अंतरावर ध्वनिक्षेपक जोडल्यास जाण्यायेण्याच्या १०० मीटर तारेचा रोध सुमारे १.७ ओहम होतो आणि ८ ओहमच्या भारासाठी निघालेल्या शक्तीचा जवळजवळ सहावा हिस्सा तारेतच खर्ची पडतो. म्हणून सार्वजनिक यंत्रांवर १०० व्होल्टची निराळी जोडणी दिलेली असते. तिच्यावर रोहित्र असलेले कर्णेच लावावेत आणि त्यांच्या वॉटची बेरीज यंत्राच्या क्षमतेच्या आत ठेवावी; १०० वॉटच्या यंत्राला १५ वॉटचे सहा कर्णे पुरेत. रोहित्राविना ८ ओहमचा कर्णा या जोडणीवर चुकून लावल्यास तो हिशेबाने १,२५० वॉट मागतो. मग कर्णा आणि यंत्र यांपैकी आधी कोण जळते, एवढाच प्रश्न उरतो.

जुन्या निर्वात नलिकांच्या यंत्रांचा स्वभाव याच्या उलट आहे. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागण्यापूर्वी सर्व प्रवर्धक नलिकांवर चालत. अशा यंत्राला ध्वनिक्षेपक न जोडता संकेत दिल्यास निर्गम रोहित्रात अतिउच्च दाब निर्माण होऊन त्याचे विद्युत्‌रोधक आवरण फुटू शकते. ट्रान्झिस्टरचे यंत्र सहसा विनाभार तग धरते. त्याला घात करतो तो तारांचा परस्परस्पर्श.

आवाज फाटणे

क्षमतेपलीकडे आवाज चढविला की संकेताच्या लहरींचे माथे छाटले जातात व स्वर फाटतो. पूर्णपणे छाटलेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लहरीच्या दुप्पट शक्ती असते. शिवाय तिच्यात उच्च कंप्रतेचा अंश वाढतो आणि नाजूक ट्वीटर जळतो. त्यामुळे लहान यंत्र ताणून वापरण्यापेक्षा मोठे यंत्र निम्म्या आवाजावर चालविणे शहाणपणाचे ठरते. फाटलेला आवाज ऐकू येताच तो उतरवावा. श्रोत्यांनाही त्यात शब्द कळत नाहीत.

यंत्र सुरू करताना आवाजाची बटणे शून्यावर असावीत. मिक्सर आधी आणि प्रवर्धक शेवटी चालू करावा. बंद करताना प्रवर्धक प्रथम. अन्यथा चालू-बंद होतानाचा धक्का प्रवर्धित होऊन ध्वनिक्षेपकावर आदळतो.

हवा, वीजपुरवठा आणि भूसंपर्क

यंत्राच्या मागील वा बाजूच्या पन्हळी धातूच्या पट्ट्या शोभेसाठी नसून उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. उत्सवात यंत्रावर मखमली कापड पसरून त्यावर हारांची परडी ठेवण्याची प्रथा यंत्राच्या मुळावर येते. चहूबाजूंनी हवा खेळेल अशी, उन्हापासून दूर जागा द्यावी.

तात्पुरत्या जोडणीत न्यूट्रल तार सैल झाल्यास २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. जनित्रावर चालविताना दाब स्थिर झाल्याची खात्री करूनच यंत्र जोडावे. फ्यूज उडाल्यास त्याच मापाचा घालावा. सिगारेटच्या वेष्टनातील चांदी गुंडाळून काम भागविणारे कारागीर आजही भेटतात. त्या वेळी फ्यूजऐवजी रोहित्र जळते, प्रसंगी मंडपही पेटतो.

ध्वनिक्षेपकातून घूं असा आवाज येऊ लागला की तीन पायांच्या पिनेतील मोठा पाय काढून टाकण्याची युक्ती केली जाते. ती प्राणघातक आहे. यंत्राच्या आत वीज गळत असेल, तर ती माइकच्या धातूच्या दांड्यापर्यंत पोहोचते आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या देहातून वाट काढते. घरघर थांबविण्यासाठी सर्व उपकरणे एकाच भूसंपर्कावर जोडावीत किंवा संकेताच्या तारेत विलगक रोहित्र वापरावे.

साठवण

पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिल्यास जोडण्या गंजतात आणि आत झुरळे, पाली शिरतात. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास मंद आवाजात चालविल्याने ओल उडून जाते. झाकण मात्र जाणकाराखेरीज कोणी उघडू नये. पिन काढल्यानंतरही आतील मोठी धारित्रे काही काळ भारित राहतात, आणि नलिकांच्या यंत्रात हा दाब शेकडो व्होल्ट असतो.