कर्करोग, जनुके आणि 'पूर्वजन्मीचे पाप'

कुणाला कर्करोग झाला की आपल्याकडे अजूनही दोन वाक्ये कानी पडतात. एक, 'पूर्वजन्मीचे पाप भोवले.' दुसरे, 'रक्तातच होते, कोण काय करणार?' पहिले वाक्य धम्मात बसत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धांत डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. दुसरे वाक्य कितपत खरे, हे पुरुषांना उतारवयात होणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरून पाहू.

मूत्राशयाच्या तोंडाशी ही लहानशी ग्रंथी असते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २०,००० जनुके असतात. जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना. ही सर्व जनुके मिळून एक ग्रंथ मानला, तर डोळ्याची पेशी त्यातील आपली पाने उघडते आणि यकृताची पेशी आपली. कोणते पान उघडे व कोणते मिटलेले, यालाच जनुकांची सक्रियता म्हणतात. वयोमानाप्रमाणे पेशींच्या नकला होताना चुका साचतात, नको ती पाने उघडतात आणि पेशी बेसुमार वाढू लागते.

पण नुसती वाढ तितकी घातक नसते. घातक असतो तो प्रसार. निरोगी पेशींना शेजारणीशी चिकटवून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते. त्याचे जनुक गप्प झाले की पेशी सुटी होते आणि रक्तावाटे बहुधा हाडांत, विशेषतः पाठीच्या कण्यात व कमरेत, जाऊन ठाण मांडते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात भारतीय वंशाचे डॉ. अरुल चिन्नय्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की, पसरलेल्या रोगात 'ईझेडएच२' हे जनुक फार सक्रिय असते. इतर जनुकांना गप्प करणे हेच त्याचे काम. ई-कॅडहेरिनचे जनुकही त्याच्या तावडीत सापडते, हे पुढे स्पष्ट झाले.

कारण कळले की उपाय सापडतो. १९४१ साली, मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी सिद्ध केले की पुरुषी संप्रेरक रोखले तर हा रोग मागे हटतो. त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरकच या पेशींतील अनेक जनुके जागी करते; म्हणून आजही ते रोखणारी इंजेक्शने व गोळ्या देतात. काही काळाने पेशी थोड्या संप्रेरकावरही तगायला शिकतात. तेव्हा औषध बदलावे लागते.

मग 'रक्तातच होते' याचे काय? काही कुटुंबांत 'बीआरसीए२'सारख्या जनुकातील दोष वारशाने येतो. वडील वा भाऊ यांना हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. परंतु बहुतेक रुग्णांत हे बदल आयुष्यातच घडलेले असतात. ते पाप नव्हे, आणि हा रोग संसर्गजन्यही नाही.

लघवीला वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवीतून रक्त जाणे किंवा कंबरदुखी न थांबणे, हे सांगायला आपली वडीलधारी मंडळी लाजतात आणि बांबोळीला पोहोचेपर्यंत उशीर होतो. अशी लक्षणे असली म्हणजे कर्करोगच, असे नाही. वयोमानाने ही ग्रंथी साधीही वाढते. रक्तातील 'पीएसए' वाढणे हीसुद्धा केवळ सूचना असते, निदान नव्हे. निदान तुकडा तपासूनच होते. सुरुवातीच्या अवस्थेतील रोग अनेकदा बरा होतो. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला त्याचे पूर्वकर्म विचारले नाही. आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले. समाजातील विद्यार्थ्यांनी एवढे करावे: घरातील आजोबांशी या विषयावर न लाजता बोलावे आणि त्यांना दवाखान्यात सोबत न्यावे.